पुण्याहून आईबाबा येतायत, आरव्ही घेऊन हाफ मून बेला जावं की रेडवुडमध्ये?

सनीवेलचा_गुहागरकर

नमस्कार मंडळी,

आईबाबा मे मध्ये येतायत, सहा महिने राहतील. आधीच्या दोन ट्रिपमध्ये योसेमिटी, टाहो, एलए सगळं हॉटेलं बुक करून फिरवलं, आणि परत गेल्यावर बाबांना विचारलं की काय आवडलं तर ते म्हणाले ते एका ठिकाणी समुद्राकडेला गाडी थांबवून थर्मासातला चहा प्यायलो ना, ते. बाबा मूळचे गुहागरचे, घर किनाऱ्याला लागूनच होतं, अकरावीनंतर पुण्याला आले आणि मग नोकरी, पिंपरी, चाळीस वर्षं. अजून म्हणतात की गाज ऐकल्याशिवाय खरी झोप लागत नाही. तेव्हाच डोक्यात आलं की या वेळी एक तरी रात्र समुद्राच्या आवाजात झोपवायचं त्यांना, पण तंबूत नको, बाबा ७२ चे, आई ६८ ची, तिचे गुडघे दुखतात, जमिनीवरून उठता येत नाही. म्हणून आरव्ही, म्हणजे आतच झोपायची, स्वयंपाकाची आणि टॉयलेटची सोय असलेली मोठी गाडी, भाड्याने घ्यायचा विचार आहे, २५ फुटी क्लास सी (ड्रायव्हरच्या वर बेड असतो ती) बघतोय. आम्ही दोघं, मुलं ९ आणि ५ वर्षांची, आणि आईबाबा.

मी आयुष्यात कधी आरव्ही चालवलेली नाही. बे एरियापासून (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास, आमच्या इथून) दीडदोन तासांच्या आत काय चांगलं आहे? बायकोला रेडवुडची झाडं पाहिजेत, मला समुद्र. ४ जुलैच्या लाँग वीकेंडला जायचं म्हणतोय. आणि स्वयंपाक, टॉयलेट वगैरे नक्की कसं असतं तेही कोणीतरी नीट सांगा, इंग्रजी व्हिडिओ खूप बघितले पण त्यात पोहे कोणी करत नाही.

फ्रीमाँटची_काकू

अरे पहिली गोष्ट म्हणजे ४ जुलै डोक्यातून काढून टाक. स्टेट पार्कचं बुकिंग सहा महिने आधी उघडतं, रिझर्व्ह कॅलिफोर्नियाच्या वेबसाइटवर सकाळी ८ वाजता, म्हणजे जुलैच्या साइट्स जानेवारीतच संपल्या. आता मार्च चालू आहे, म्हणजे तुझ्यासाठी सप्टेंबर रोज एकेक दिवस उघडतोय. आणि खरं सांगू का, सप्टेंबरच चांगला. जून जुलैत हाफ मून बेला दुपारी दोनपर्यंत धुकं हटत नाही, सनीवेलला ९० डिग्री फॅरनहाइट असताना तिथे ५८ असतं, आम्ही एकदा जुलैत गेलो तेव्हा ह्यांनी तीन दिवस मफलर सोडला नाही आणि सूर्यास्त एकही दिसला नाही. सप्टेंबर ऑक्टोबरला आकाश मोकळं होतं, आपल्या कोकणासारखाच पश्चिमेचा किनारा आहे, सूर्य सरळ पाण्यात बुडताना दिसतो, तुझ्या बाबांना हे बघून काय वाटेल ते मी सांगायला नको. फक्त ऑक्टोबरच्या मध्याला भोपळ्यांची जत्रा असते तिथे, तेव्हा ९२ नंबरचा रस्ता ठप्प असतो, तो वीकेंड टाळ. गणपती झाले की जा.

हाफ मून बे स्टेट बीचचा जो कॅम्प आहे तो फ्रान्सिस बीचला आहे. झाडं जवळजवळ नाहीत, सावली नाही, वारा असतो, पण समोरच्या रांगेतल्या साइटवरून दार उघडलं की समुद्र. काही साइट्सना वीज आहे, सगळ्यांना नाही, बुक करताना इलेक्ट्रिक लिहिलेलं बघूनच घे. सांडपाण्याचं (सूअर) कनेक्शन नाही, सांडपाण्याच्या टाक्या निघताना डंप स्टेशनवर रिकाम्या करायच्या. आणि आईच्या गुडघ्यांसाठी सांगते, कॅम्पला लागून डांबरी कोस्टल ट्रेल जातो, एकदम सपाट, संध्याकाळी काठी घेऊन आरामात चालता येतं, वाळूत उतरायलाच हवं असं नाही.

आता एक विचारते, उत्तर नक्की दे. आईबाबांपैकी कोणी रात्री मशीन लावून झोपतं का? श्वासाचं, सीपॅप? त्यावर बरंच काही अवलंबून आहे.

रेडवुड_वेडा

वहिनींच्या बाजूने मी बोलतो थोडं, सगळेच समुद्राकडे ओढतायत :)

हेन्री कॉवेल रेडवुड्स, फेल्टनला, सांताक्रूझच्या वर. पण एक गोष्ट आधीच सांगतो कारण माझी पहिल्या वेळी निराशा झाली होती, कॅम्पग्राउंड त्या मोठ्या झाडांखाली नाहीये. कॅम्प आहे ग्रॅहम हिल रोडवर, तिथे ओक, पाईन अशी मिश्र झाडी आहे, छान आहे, सावली आहे, पण ज्यासाठी आपण जातो ते जुनं रेडवुडचं वन आहे पार्कच्या दुसऱ्या दाराशी, हायवे ९ वर. तिथे जेमतेम पाऊण मैलाची सपाट गोल वाट आहे, व्हीलचेअरसुद्धा जाते. सगळ्यात उंच झाड २७७ फूट आहे आणि वय सुमारे १५०० वर्षं. माझ्या आईने त्या झाडाला हात लावला आणि पाया पडली, बोलली काहीच नाही, बराच वेळ तिथेच उभी होती.

म्हणून माझं म्हणणं असं की आरव्हीसोबत स्वतःची गाडीपण घ्या. एकाने आरव्ही चालवायची, बाकीचे गाडीत. ५ वर्षांच्या मुलाला कायद्याने कार सीट लागते आणि आरव्हीच्या टेबलापाशी जी बाकडी असतात ना त्यातली आडवी तोंडाची जागा कार सीटला चालतच नाही, आणि आईबाबांनाही मागे बसून घाटात मळमळतं. शिवाय एकदा आरव्ही लावली, वायर जोडली, लेव्हल केली की दूध आणायला ती पुन्हा सोडवून न्यायची म्हणजे नको होतं.

रस्त्याचं महत्त्वाचं: जीपीएस सनीवेलवरून साराटोगा आणि हायवे ९ दाखवेल, त्याने आरव्ही नेऊ नका, एकदम अरुंद आणि वळणं. हायवे १७ ने जा, स्कॉट्स व्हॅलीला उतरा, माउंट हर्मन रोडने फेल्टन, मग ग्रॅहम हिल. १७ पण घाटच आहे, उजव्या लेनमध्ये राहायचं, उतारावर खालचा गियर टाकायचा, ब्रेक दाबून धरायचे नाहीत, मागे रांग लागली तरी लागू दे.

बिग बेसिन कोणी सुचवेल म्हणून लिहून ठेवतो, कॅलिफोर्नियाचं सगळ्यात जुनं स्टेट पार्क, १९०२ चं, पण ऑगस्ट २०२० च्या आगीत जवळजवळ पूर्ण जळलं, ऑफिस, कॅम्प, सगळं. दिवसा बघायला २०२२ पासून उघडलंय. खोडं काळी आहेत आणि त्या काळ्या खोडांना अंगभर हिरवी पालवी फुटलीय. रेडवुड असा जळून परत फुटतो. आरव्हीचं मात्र तिथे नको.

सनीवेलचा_गुहागरकर

काकू, हो! बाबांना सीपॅप आहे, तीन वर्षं झाली, त्याशिवाय झोपू नका असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. मी धरून चाललो होतो की आरव्हीत प्लग असतात म्हणजे झालं. तसं नसतं का?? आणि गाडी सोबत न्यायचं डोक्यातच आलं नव्हतं, थँक्स दादा.

हेन्री कॉवेलला वीज आहे का?

रेडवुड_वेडा

नाही, हुकअप (साइटवर वीजबिजेचं कनेक्शन) नाहीत तिथे.

सॅन_राफेलवरून

मी हे अनुभवलंय म्हणून सविस्तर लिहितो, कृपया नीट वाच.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये सासऱ्यांना घेऊन आम्ही सॅम्युएल पी टेलरला गेलो होतो, मरिनमध्ये, रेडवुडच्या खाली ओढ्याकाठी, फार सुंदर जागा आहे, हुकअप नाही. आरव्ही भाड्याची, कंपनीचं नाव घेत नाही. घेताना त्या माणसाला दोनदा विचारलं की सीपॅप रात्रभर चालेल ना, तो म्हणाला हो हो आरामात. झोपताना सगळं मस्त. पहाटे साडेतीनला टीक टीक असा आवाज यायला लागला म्हणून मला जाग आली, बघतो तर आत बर्फासारखी थंडी, हीटर बंद, दिवे मंद लाल, आणि सासरे उठून बसलेले, मास्क हातात. म्हणाले अहो मशीन बंद पडलं, तुम्हाला उठवावं का नाही कळेना. त्यांचा आवाज ऐकून माझ्या पोटात गोळा आला. त्यानंतर सकाळपर्यंत ते बसूनच राहिले आणि मी त्यांच्याजवळ.

झालं काय होतं ते मागाहून समजून घेतलं. आरव्हीतले भिंतीवरचे १२० व्होल्टचे प्लग एक तर बाहेरून वीज जोडली तर चालतात, नाहीतर जनरेटरवर, नाहीतर इन्व्हर्टर असेल तर बॅटरीवर. जनरेटर स्टेट पार्कमध्ये सकाळी १० ते रात्री ८ एवढाच लावता येतो, म्हणजे ज्या वेळेला मशीन लागतं नेमकं तेव्हा नाही. राहिली बॅटरी. आणि हीटर जरी गॅसवर असला तरी त्याचा पंखा बॅटरीवर फिरतो आणि तो पंखा भरपूर खातो. आम्ही सासऱ्यांना थंडी वाजू नये म्हणून हीटर ७० वर ठेवला होता, म्हणजे आम्हीच बॅटरी संपवत होतो. आणि ती बॅटरी जुनी होती हे वेगळंच. टीक टीक आवाज गॅस डिटेक्टरचा होता, व्होल्टेज पडलं की तो असा वाजतो.

तर बाबांसाठी इलेक्ट्रिक साइटच घे, यात तडजोड नको. आणि वीज असली तरी ती जाऊ शकते म्हणून दुसरी सोय सोबत ठेव. मशीनच्या मॉडेलची १२ व्होल्टची डीसी केबल मिळते, ती घे, इन्व्हर्टरमधून चालवण्यापेक्षा बॅटरी कमी लागते. बॅटरीवर असताना ह्युमिडिफायर आणि गरम होणारी नळी बंद, मशीनपेक्षा तेच जास्त खातं, पण हे आधी डॉक्टरांना विचारून घे. आम्ही आता एक पोर्टेबल पॉवर स्टेशन पण नेतो आणि घरी एक रात्र त्यावर मशीन चालवून सकाळी किती टक्के उरलं ते बघितलंय. तूही घरी करून बघ, कॅम्पवर पहिल्यांदा नको.

फ्रीमाँटची_काकू

बघ, म्हणूनच विचारलं होतं. बरं झालं तुम्ही लिहिलंत.

मग आता हाफ मून बे इलेक्ट्रिक साइट, नाही मिळाली तर न्यू ब्रायटन स्टेट बीच, कॅपिटोलाला. तो कॅम्प कड्यावर आहे, झाडीतून, आणि खाली समुद्र, म्हणजे तुमच्या दोघांचंही भागतं, थोड्या साइट्सना हुकअप आहे. त्याच्या शेजारी सीक्लिफला पूर्वी पाण्याला अगदी लागून आरव्ही लावता यायची, आमची दिवाळीची सुट्टी दोनदा तिथे झाली, पण जानेवारी २०२३ च्या वादळात ते सगळं मोडलं, धक्कापण गेला. तिथे ते सिमेंटचं जहाज होतं ना, त्याकडे बघत चहा घ्यायचो. आठवण आली की अजून वाईट वाटतं.

आता स्वयंपाक आणि टॉयलेट, तू विचारलंस म्हणून सगळं मोकळेपणाने सांगते.

फोडणी आत करायची नाही. मोहरी तडतडली, मिरची पडली की स्मोक अलार्म बोंबलतो, आत जागाच तेवढी, आणि तो वास गाद्यांना लागतो आणि परत करताना क्लीनिंगचे पैसे कापतात. बाहेर टेबलावर छोटी गॅसची शेगडी मांडायची, वाऱ्याला आड म्हणून तीन बाजूंनी पत्र्याचा आडोसा मिळतो तो घे, हाफ मून बेला त्याशिवाय पोह्यांचं पाणीसुद्धा उकळत नाही. मी घरून फोडणी करूनच नेते, तेल मोहरी हिंग हळद कढीपत्ता मिरची सगळं परतून गार करून काचेच्या बाटलीत, तिथे पोहे भिजवले, कांदा परतला, दोन चमचे घातली की झालं. उपम्याचं पण तसंच, रवा भाजून न्यायचा. कुकर लावायचा असेल तर दिवसा लाव, रात्री १० ते सकाळी ६ शांतता असते आणि शिट्टी फार लांब जाते. इंडक्शन नेणार असशील तर हिशोब कर, ३० अँपिअरचं कनेक्शन म्हणजे ३६०० वॉट, इंडक्शन १८०० घेतलं, त्यात मायक्रोवेव्ह लावला आणि कोणी गिझर विजेवर ठेवला की मेन स्विच पडलाच. एका वेळी एकच मोठी वस्तू.

टॉयलेट. आपल्याला पाणी लागतं, त्यात लाजायचं काही नाही. पाणी वापरल्याने ब्लॅक टँक (टॉयलेटची टाकी) खराब होत नाही, उलट पाणी कमी पडलं तरच त्यात साचून बसतं, पण टाकी साधारण ३० गॅलनची असते आणि सहा माणसं, म्हणून छोटा तांब्या ठेवायचा आणि दिवसा कॅम्पचं टॉयलेट वापरायचं, आरव्हीतलं रात्रीसाठी. आंघोळी पण कॅम्पवरच. निघताना डंप स्टेशनला आधी ब्लॅक सोडायची, मग ग्रे (सिंक, शॉवरच्या पाण्याची टाकी), म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. जाड हातमोजे ने, तुझे तू, त्यांनी दिलेले फाटके असतात.

झोपायची व्यवस्था: मागचा बेड आईबाबांना, पण तो बऱ्याच गाड्यांमध्ये कोपऱ्यात असतो, एकाच बाजूने उतरता येतं, तर रात्री ज्याला उठावं लागतं त्याने कडेला झोपायचं. गाडी घ्यायच्या आधी आईला किंवा स्वतः तरी चढून बघा, पायऱ्या उंच असतात, खाली ठेवायला एक भक्कम स्टूल घ्या. मुलं ड्रायव्हरच्या वरच्या बेडवर खूष असतात, जाळी लावायला विसरू नका.

ईस्ट_बे_आजोबा

आमच्या इकडचं एक नाव देतो, अँथनी शॅबो रीजनल पार्क, कॅस्ट्रो व्हॅलीच्या वर. हे स्टेट पार्क नाही, ईस्ट बे रीजनल पार्क डिस्ट्रिक्टचं आहे, बुकिंग वेगळ्या साइटवर. थोड्या साइट्सना वीज, पाणी, सांडपाणी तिन्ही कनेक्शन आहेत, म्हणजे सीपॅपवाल्यांसाठी उत्तम. समुद्र नाही पण खाली तलाव आहे, आणि सगळं निलगिरीचं जंगल. शंभरेक वर्षांपूर्वी लाकडासाठी म्हणून ऑस्ट्रेलियातलं हे झाड या टेकड्यांवर लावलं, लाकूड काही कामाचं निघालं नाही, झाडं राहिली. पहाटे दव पडलं की जो वास सुटतो तो थेट लहानपणच्या सर्दीतल्या रुमालावरच्या दोन थेंबांचा. माझी बायको मूळची उटीजवळची आहे, ती तिथे गेली की गप्प बसून राहते, मी पण मग काही बोलत नाही.

माझं सुचवणं असं की सप्टेंबरच्या आधी तिथे एक रात्र तालीम कर. घरापासून तासाभरावर आहे, काही चुकलं तर परत येता येतं. रात्री खायचं काही बाहेर ठेवू नका, रॅकून कुलर उघडतात.

लाकडं घरून नेऊ नका, तिथेच विकत घ्या, लाकडातून झाडांचे रोग एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर जातात, इथले ओक असेच मेलेत.

रेडवुड_वेडा

आजोबांच्या वरून आठवलं, हे मुलांना नक्की सांगा. रेडवुडच्या पार्कमध्ये टेबलाखाली चिवड्याचा एक दाणासुद्धा पाडायचा नाही, सगळं टिपायचं. तिथे मार्बल्ड मरलेट नावाचा पक्षी आहे, समुद्रात मासे पकडतो आणि अंडं घालायला आत जंगलात जुन्या झाडांच्या जाड फांद्यांवर येतो, एकच अंडं. त्याचं घरटं कुठे असतं हे कित्येक वर्षं कोणाला माहीत नव्हतं, १९७४ मध्ये बिग बेसिनला एक माणूस झाडावर चढला तेव्हा सापडलं. आपण सांडलेल्या खाऊवर ‘जे’ नावाचे निळे पक्षी माजतात, त्यांची संख्या वाढते आणि ते ती अंडी खातात. माझी मुलगी आता घरीपण जेवण झालं की टेबलाखाली वाकून बघते.

सॅन_राफेलवरून

एक राहिलं. बाबा कोकणातले आहेत म्हणून मुद्दाम लिहितोय. त्यांना समुद्र माहीत आहे, पण हा समुद्र वेगळा आहे. पाणी वर्षभर बर्फगार, आणि दहा पंधरा मिनिटं शांत असताना अचानक एक मोठी लाट वर येते, माणसाला पायातून ओढून नेते. स्नीकर वेव्ह म्हणतात. घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहायचं असेल तरी समुद्राकडे पाठ करायची नाही आणि मुलांचा हात सोडायचा नाही. माझे वडीलही पोहणारे, श्रीवर्धनचे, त्यांना हे सांगितलं तर आधी रागावले, मग एक तशी लाट स्वतः बघितली.

सनीवेलचा_गुहागरकर

मंडळी, तुम्ही सगळ्यांनी एवढं मनापासून लिहिलंत, दोन दिवस बायको आणि मी रात्री बसून हेच वाचतोय.

अपडेट: आज सकाळी पावणेआठपासून लॅपटॉप उघडून बसलो होतो, अकाउंट, गाडीची लांबी सगळं आधीच भरून ठेवलेलं. गेल्या दोन दिवसांत शुक्रवार शनिवार डोळ्यांदेखत गेले, पण आज रविवार सोमवारच्या दोन रात्री मिळाल्या, हाफ मून बे, इलेक्ट्रिक, समोरच्या रांगेत नाही पण दुसऱ्या. मुलांची शाळा दोन दिवस बुडेल, बायको म्हणाली बुडू दे. मंगळवारी आरव्ही परत दिली की आमच्या गाडीने हेन्री कॉवेलची ती गोल वाट करू, तिचंही राहायला नको. आणि जूनमध्ये शॅबोला एक रात्र तालीम, आजोबा म्हणाले तशी.

बाबांना अजून सांगितलेलं नाही, मशीनचं मॉडेल काय आहे ते तेवढं फोनवर विचारून घेतलं आणि डीसी केबल मागवली. आईला सांगितलं. ती म्हणाली गोधड्या दोन आणू का तीन, मी म्हटलं तीन आण.